संगणकाची साक्ष

दिवसभर न्यायालयात दुसऱ्यांच्या साक्षीदारांना आडवेतिडवे प्रश्न विचारणारा वकील सायंकाळी घराचा उंबरठा ओलांडला की आपला व्यवसाय विसरतो, असा आमचा स्वतःविषयीचा अनुभव आहे. न्यायालयात तो पुराव्यावाचून प्रतिपक्षाला एक पाऊल पुढे टाकू देत नाही. घरात मात्र तोच फिर्यादी होतो, तोच साक्षीदार होतो आणि निकालही तोच देऊन टाकतो. हे आम्हांला २०२४ च्या पावसाळ्यात घरच्या एका संगणकाने शिकविले. ती हकीकत येथे सांगण्याचे कारण दुहेरी आहे. एक तर हल्ली पुष्कळ घरांतून असे यंत्र असते आणि त्याला हाच विकार केव्हाही जडू शकतो. दुसरे म्हणजे, त्या विकारापायी आम्ही एका निरपराध माणसाला दोन महिने दोषी धरून बसलो होतो. तो माणूस म्हणजे आमचे वडील.

आबांचे वय त्या वेळी ७८ वर्षांचे होते. उभा जन्म त्यांनी फोंडे महालातल्या मराठी शाळांतून मुलांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात घालविला. निवृत्त झाल्यावर देवळाच्या जुन्या वह्या नीट लावण्याचे काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतले. १९३३ च्या देवस्थान नियमावलीखाली चालणारे आमचे देवस्थान. त्याच्या महाजनांची कुळे, उत्सवांचे यजमान, सेवेकऱ्यांचे मान हे सारे जीर्ण कागदांवरून संगणकात उतरवून ठेवावे, ही त्यांची इच्छा. सत्तरी उलटल्यावर ते टंकलेखन शिकले. रोज रात्री जेवणे आटोपली की ओसरीलगतच्या खोलीत ते संगणकापुढे बसत, दहा-पंधरा नावे उतरवीत, आणि दहाच्या सुमारास यंत्र बंद करून निजावयास जात.

मृगाच्या सुमारास आम्ही त्या यंत्रातली जुनी, संथ चालणारी स्मरणतबकडी काढून तिच्या जागी ‘एसएसडी’ ह्या नावाने ओळखली जाणारी वेगवान वस्तू बसवून घेतली. यंत्र २०१८ सालचे होते, आणि त्यावरची विंडोज १० ही प्रणाली ह्या निमित्ताने नव्याने घालावी लागली. कारागीर म्हणाला, ‘‘बाकीची मांडणी करायला आणखी तासभर लागेल.’’ आम्हांला त्या दिवशी एका दाव्याची कैफियत दाखल करावयाची होती. ‘‘चालते आहे ना? मग पुरे,’’ असे म्हणून आम्ही त्याला वाटेला लावले. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, अशी आमची विनंती आहे. आम्ही स्वतः मात्र ते त्याच दिवशी विसरलो.

चारपाच दिवसांनी सकाळी खोली झाडताना आमच्या पत्नीला संगणकाच्या पेटीवरचा हिरवा दिवा लागलेला दिसला. पडदा काळा होता; परंतु आतला पंखा मंद घरघरत होता आणि पेटीला हात लावला तर ती कोमट लागत होती. आम्ही कळफलकावर दोनचार कळा दाबल्या, माऊस हलविला; काही उमटेना. शेवटी पेटीवरची कळ चार-पाच सेकंद दाबून धरली, तेव्हा दिवा विझला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तेच. निकाल आमच्या मनात तयारच होता: आबा नुसती पडद्याची कळ दाबतात आणि यंत्र बंद केले असे समजून उठून जातात.

त्यांना तसे सांगितले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘‘हांवें बंद केल्लो रे पुता.’’

‘‘आबा, बंद केला असता तर दिवा लागलेला कसा राहिला असता?’’ आम्ही विचारले. युक्तिवाद बिनतोड होता. ते गप्प राहिले. त्यांचे ते गप्प राहणे आम्ही कबुलीजबाब म्हणून दप्तरी दाखल करून घेतले.

पुढे हे रोजचेच झाले. सकाळी आम्ही कळ दाबून धरावी, आणि ती धरलेली असताना काहीतरी बोलावे. बोलण्यात रागापेक्षा खेद अधिक असे; परंतु वृद्धांना रागापेक्षा खेदच अधिक लागतो, हे आम्हांला उशिरा कळले. त्या वर्षी त्यांची छत्री एकदा देवळात राहिली होती, आणि एका भाच्याचे नाव त्यांनी दुसऱ्याला लावले होते. ह्या दोन गोष्टींना संगणकाची तिसरी जोडून आम्ही पतिपत्नींनी एका रात्री हलक्या आवाजात ठरविले, की आबांची स्मृती क्षीण होत चालली आहे आणि पावसाळा सरला की त्यांना एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे न्यावे. आमच्या घराच्या भिंती जुन्या आणि जाड आहेत. पण दारे जाड नाहीत. त्यानंतर आबा रात्री दोनदा उठून मागल्या दाराची कडी पाहू लागले. देवघरातले निरांजन शांत झाले की नाही ते आम्हांला विचारू लागले. महाजनांची यादी करतानाही पूर्वी ते एखादे नाव छातीठोकपणे सांगत. आता ‘‘बहुधा असेच असावे’’ असे म्हणू लागले.

श्रावणात नागपंचमीनंतर वास्कोला दामोदराच्या भजनी सप्ताहाला ते दरवर्षी जातात आणि आमच्या आत्याकडे दोन दिवस राहतात. त्या वर्षीही गेले. त्या दोन दिवसांत एका अपिलाचे कागद तयार करावयाचे असल्याने त्यांच्या खुर्चीत आम्ही बसलो. काम संपले. आम्ही पडद्याच्या कोपऱ्यातल्या खुणेवर गेलो, ‘शट डाऊन’ निवडले, पडदा काळा झालेला पाहिला आणि उठलो. सकाळी आमची पत्नी चहाचा पेला पुढे ठेवीत म्हणाली, ‘‘दिवा लागलाय.’’

त्या दोन शब्दांत तिने काहीही सुचविले नाही. सुचविण्याची आवश्यकता नव्हती. दुसऱ्या रात्री आम्ही विजेरी घेऊन पेटीपाशी जमिनीवर बसलो. बंद करण्याची आज्ञा दिली. ‘बंद होत आहे’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे उमटली, ठिपक्यांचे कडे फिरले, पडदा काळा झाला. मात्र पेटीवरचा दिवा विझला नाही की पंखा थांबला नाही. घड्याळ लावून आम्ही पंधरा मिनिटे पाहत राहिलो. खुर्चीत बसलेल्या माणसाला ती पेटी दिसत नाही. ती मेजाखाली असते. आबांचे गुडघे वाकत नाहीत. वर पावसाचा आवाज, छताच्या पंख्याचा आवाज. त्यात ही घरघर कोणाला ऐकू यावी? त्यांनी पडदा काळा झालेला पाहिला होता आणि त्यांचा शब्द खरा होता. इतके पाहावयास आम्हांला पंधरा मिनिटे लागली, आणि दोन महिन्यांत ती पंधरा मिनिटे आम्ही काढली नव्हती.

आता खऱ्या अपराध्याचा शोध सुरू झाला. काही वेळा एखादा कार्यक्रम काम अर्धवट असल्याने मिटावयास तयार होत नाही. परंतु तसे असले तर विंडोज त्याचे नाव पडद्यावर सांगते. येथे तसे काही नव्हते. बाहेरून जोडलेली उपकरणे अडवणूक करतात असेही ऐकले होते. म्हणून छपाईचे यंत्र, पेन ड्राइव्ह, कॅमेरा, एकेक करून सारे सोडविले. फरक पडला नाही. मग ‘रीस्टार्ट’ करून पाहिले, तेव्हा मात्र यंत्र निमूटपणे मिटले आणि पुन्हा उघडले. हे गूढ होते. मिटून पुन्हा उघडता येते, मग नुसते मिटता का येत नाही?

पर्वरीला एका कचेरीत संगणकाचेच काम करणाऱ्या आमच्या भाच्याला आम्ही दूरध्वनीवर हे विचारले, तेव्हा तो हसला. ‘‘मामा, त्या दोहोंत फरक आहे. शिफ्टची कळ दाबून धरा आणि मग शट डाऊन करा.’’ तसे केले. पडदा काळा झाला, पंखा थांबला, दिवा विझला.

त्याने उलगडून सांगितले ते असे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची एक सोय आहे, आणि ती बहुधा आपोआप चालू असते. तिच्यामुळे ‘शट डाऊन’ म्हटले तरी यंत्र पुरते मिटत नाही. आपण उघडलेले कार्यक्रम बंद होतात, आपली बैठक मोडते. परंतु प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर यांची त्या क्षणीची अवस्था तबकडीवरच्या ‘हायबरफिल’ ह्या फाइलमध्ये लिहून ठेवली जाते. दुसऱ्या दिवशी सारे नव्याने न मांडता ती अवस्थाच परत वाचून घ्यावयाची, की यंत्र लवकर उघडते. ‘रीस्टार्ट’ मात्र मुळापासून असतो. त्यात हा आडमार्ग नाही. शिफ्ट दाबून धरले म्हणजे तेवढ्यापुरते पूर्ण मिटणे घडते.

आम्हांला देवळाची उपमा सुचली. शेजारती होते, पडदा ओढला जातो, दाराला कुलूप लागते. तरी गाभाऱ्यात नंदादीप तेवत असतो. ती व्यवस्था आहे, दोष नव्हे. ह्या सोयीचेही तसेच. परंतु त्यासाठी प्रत्येक सेवेकऱ्याने आपले काम वेळेवर खाली ठेवले पाहिजे. ड्रायव्हर म्हणजे यंत्राचा एकेक भाग सांभाळणारा सेवेकरी. त्यांतला एखादा जुना वा चुकीचा असला आणि त्याने आपला भाग योग्य अवस्थेत सोपविला नाही, तर मिटण्याची शेवटची पायरी, म्हणजे वीज तोडण्याची, तीच अडकते. पडदा काळा होतो आणि यंत्र धड जागे ना धड निजलेले असे राहते.

ही शेवटची पायरी पूर्वी माणसाची होती. सनद मिळाल्यावर आम्ही ज्या ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली उमेदवारी केली, त्यांच्याकडे विंडोज ९५ चालविणारे एक जुने यंत्र होते. ते आपले काम आटोपले की ‘आता संगणक बंद करण्यास हरकत नाही’ अशा अर्थाचे वाक्य नारिंगी अक्षरांत दाखवी आणि थांबून राही. कळ माणसाने दाबावयाची. १९९५ च्या सुमारास आलेली ‘एटीएक्स’ पद्धतीची पेटी आणि १९९६ सालचे ‘एसीपीआय’ हे मानक यांनी वीज तोडण्याचा अधिकार प्रणालीच्या हाती दिला. तेव्हापासून आपण आज्ञा देऊन पाठ फिरवितो, आणि मागे काय घडते ते पाहत नाही.

उपाय सोपा होता. ‘कंट्रोल पॅनेल’मधल्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जावयाचे, पॉवरची कळ काय करील ते ठरविण्याचे पान उघडावयाचे, वरच्या ओळीवर टिचकी मारून बंद ठेवलेले पर्याय मोकळे करावयाचे, आणि ‘फास्ट स्टार्टअप’पुढची खूण काढून टाकावयाची. ‘एसएसडी’ असलेल्या यंत्राला उघडताना त्यामुळे जो थोडा अधिक वेळ लागतो तो फारसा जाणवत नाही. हे केल्यावर आमचा संगणक पहिल्याच रात्री नीट मिटला. परंतु भाचा म्हणाला, ‘‘हा आजारावरचा लेप झाला. मूळ शोधा. प्रणाली नव्याने घातली तेव्हा मदरबोर्डच्या कंपनीचे ड्रायव्हर घातले होते का?’’

‘‘चालते आहे ना? मग पुरे’’ हे आमचेच शब्द आम्हांला तेव्हा आठवले. कारागिराने मागितलेला तास आम्ही दिला नव्हता. आम्ही ते ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतले, बसविले, आणि परीक्षेसाठी ती सोय पुन्हा चालू करून पाहिली. यंत्र नीट मिटले. म्हणजे अपराध आमच्याच हातून घडला होता. तरी सोय आम्ही बंदच ठेवली. मिटणे म्हणजे मिटणे, एवढे तरी घरात निश्चित असावे.

येथे हकीकत संपावयास हवी होती. पण यंत्राच्या खरेदीची पावती शोधताना मेजाच्या खणात आम्हांला एक छोटी वही सापडली. अक्षर आबांचे. प्रत्येक रात्रीची एक ओळ. ‘‘रात्रौ ९.४० — शट डाऊन दाबले. पडदा काळा झाला.’’ पुढल्या पानावर: ‘‘रात्रौ १०.०५ — शट डाऊन दाबले. दाबल्याचे नक्की स्मरते.’’ एके ठिकाणी: ‘‘आज संगणक लावला नाही.’’ आषाढी एकादशीच्या रात्री: ‘‘९.५२ — बंद केला. माऊस हलवून पाहिला, पडदा काळाच.’’ अशा २६ नोंदी होत्या. त्या आम्हांला दाखविण्यासाठी लिहिलेल्या नव्हत्या. स्वतःच्या स्मृतीवरचा विश्वास उडू लागलेला एक वृद्ध शिक्षक, ती शाबूत आहे की नाही हे स्वतःपुरते ताडून पाहत होता.

संगणक आपले रोजचे दप्तर ठेवतो, हे भाच्याने बोलता बोलता सांगितले होते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडावयाचे, त्यात ‘विंडोज लॉग्ज’, त्यात ‘सिस्टीम’. कोणी बंद करण्याची आज्ञा दिली की तेथे १०७४ क्रमांकाची नोंद होते. तीत वेळ असते आणि आज्ञा देणाऱ्याचे नावही असते. आबांना आम्ही स्वतंत्र नाव दिलेले होते. आम्ही वही डाव्या हाताला ठेवली आणि एकेक तारीख काढीत गेलो. वहीत ९.४० तर दप्तरात ९.४१, वहीत १०.०५ तर दप्तरातही १०.०५. ज्या दिवशी ‘लावला नाही’ असे लिहिले होते त्या दिवशी दप्तर कोरे. २६ च्या २६ नोंदी जुळल्या. आमच्या व्यवसायात एवढा जुळणारा पुरावा आम्ही फार थोड्या वेळा पाहिला आहे.

त्याच दप्तरात ४१ आणि ६००८ ह्या क्रमांकांच्याही नोंदी होत्या. यंत्राची वीज अवचित तोडली गेली, तर पुढच्या वेळी उघडताना ते त्या लिहून ठेवते. आबांच्या आज्ञेमागे रोज ती एक तक्रार होती, आणि ती त्यांच्याविरुद्ध नव्हती. सकाळी खेदाचे बोल काढीत कळ दाबून धरणारा जो हात होता, त्याच्याविरुद्ध होती. आबांची बैठक रात्रीच नीट मोडलेली असे म्हणून त्यांच्या याद्या सुरक्षित राहिल्या. एरवी अशी वीज तोडल्याने उघडी असलेली एखादी फाइल सहज बिघडली असती.

१८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली आवश्यक ते प्रमाणपत्र जोडलेले नाही, एवढ्याच आक्षेपावर आम्ही आजवर कितीतरी संगणकीय कागद न्यायालयात अडविले आहेत. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ आला आणि ती तरतूद कलम ६३ मध्ये गेली, ह्यावर त्याच महिन्यात आम्ही वकील-मित्रांपुढे एक छोटेखानी व्याख्यानही दिले होते. त्याच महिन्यात घरी आम्ही प्रमाणपत्र तर सोडाच, मूळ साक्षही मागितली नव्हती. दुसऱ्या पक्षाचे ऐकल्याखेरीज निकाल देऊ नये, हे तत्त्व कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पाठ असते. आम्ही आबांचे ऐकले नव्हते असे नाही. त्यांनी चार शब्दांत आपली साक्ष दिली होती. आम्ही ती खोडून काढली होती.

आबा वास्कोहून परतले. पाय धुऊन, प्रसादाचा द्रोण देवापुढे ठेवून ते बसले तेव्हा आम्ही त्यांना सारे सांगितले. दोष कोठे होता, कोणाचा होता, कसा सापडला, तेही सांगितले. वही पाहिल्याचे सांगताना आमची जीभ अडखळली. त्यांनी शिक्षकाच्या सवयीने सारे ऐकून घेतले, ‘‘म्हणजे ड्रायव्हर घालायचे राहिले होते,’’ एवढेच म्हणाले, आणि सप्ताहात ह्या वर्षी कोणाचे गाणे चांगले झाले ते सांगू लागले. आमच्या क्षमायाचनेला त्यांनी बसावयास आसनही दिले नाही. कदाचित् तिला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून.

बापाजवळ क्षमा कशी मागावी, हे आमच्या पिढीला कोणी शिकविलेले नाही. वकिलाला लेखी काम त्यातल्या त्यात जमते. त्या रात्री ते निजल्यावर आम्ही ती वही काढली आणि शेवटच्या नोंदीखाली लिहिले: ‘‘वरील सर्व २६ नोंदी संगणकाच्या दप्तराशी तपासुन पाहिल्या. सर्व खऱ्या आहेत.’’ खाली सही केली, तारीख घातली.

डॉक्टरांकडे नेण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. यंत्र अद्याप चालते आहे. विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्याआधी आम्ही त्यावर विंडोज ११ घालून घेतली. त्या वेळी कारागिराला हवा तेवढा वेळ दिला. फास्ट स्टार्टअपची खूण ह्या नव्या प्रणालीतही आपोआप उमटते, ती काढून टाकली. पेटी मेजाखालून काढून आबांच्या उजव्या हाताला तिवईवर ठेवली आहे, म्हणजे दिवा विझलेला त्यांना खुर्चीतूनच दिसतो.

त्या वहीत पुढे एकही नवी नोंद झाली नाही. आठवड्याने आम्ही ती सहज उघडून पाहिली. आमच्या प्रमाणपत्रातल्या ‘तपासुन’ ह्या शब्दाखाली तांबड्या शाईची एक रेघ होती, आणि समासात, शाळेच्या वह्यांवर असे त्याच अक्षरात, लिहिले होते: ‘‘तपासून. सू दीर्घ.’’